सुरंगीची बशी आणि आठशे अंशांची भट्टी

शनिवार, मुंबई

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात चिनी मातीच्या भांड्यांवर हाताने रंगकाम करणाऱ्या काकींकडे मी निघाले होते; पण त्यांनी फोनवरच बजावले होते, की आधी मुंबईच्या संग्रहालयातली जुनी भांडी डोळे भरून बघ आणि मगच इकडची गाडी पकड. म्हणून प्रवासाचा पहिला मुक्काम छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात झाला. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी आणि जपानी पोर्सेलिनची, म्हणजे अस्सल चिनी मातीची, भांडी तिथे आहेत आणि त्यांच्यासमोर सकाळ कशी सरली ते कळले नाही.

निळ्या-पांढऱ्या भांड्यांपाशी बहुतेक लोक थांबतात, कारण ती ओळखीची वाटतात. मला मात्र बहुरंगी भांडी पाहायची होती. दोन्हींत फरक केवळ रंगांचा नाही, तर कामाच्या क्रमाचाही आहे. निळा रंग कोबाल्टचा असतो आणि तो सुमारे १३०० अंश सेल्सिअसची आच सोसतो. म्हणून तो कच्च्या भांड्यावर लावून, वर झिलई (काचेसारखा चकचकीत थर) चढवून, सारे एकदाच भाजता येते. लाल, हिरवे, पिवळे, गुलाबी असे बहुतेक रंग एवढ्या आचेत टिकत नाहीत. त्यामुळे भांडे आधी पांढरेशुभ्र भाजून घ्यायचे, त्या तयार झिलईवर काचेची भुकटी मिसळलेले रंग लावायचे आणि साधारण ७५० ते ८५० अंशांवर ते पुन्हा भाजायचे. या दुसऱ्या आचेत रंगातली काच वितळते आणि झिलईला कायमची चिकटते. झिलईच्या पोटात रंग जात नाही, पाठीवर बसतो. तिरप्या उजेडात वाकून पाहिले की फुलाची पाकळी भांड्याच्या अंगापासून किंचित वर आलेली दिसते, ती त्यामुळेच.

गुलाबी छटांच्या चिनी भांड्यांपुढे मी सर्वांत जास्त वेळ उभी होते. चीनच्या रंगकामात हा गुलाबी १७२०च्या सुमारास आला आणि तो सोन्यापासून होतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरले की काच माणकासारखी लाल किंवा गुलाबी होते. सोने आणि कथिल यांच्यापासून होणारा असा जांभळट रंग युरोपात सतराव्या शतकात कॅसियस या वैद्याच्या नावाने प्रसिद्ध झाला होता. त्याच सुमारास चिनी कारागिरांच्या हाती अपारदर्शक पांढरा रंगही आला, आणि मग रंग त्यात मिसळून फिकट-गडद करता येऊ लागले. त्याआधी पाकळी एकाच रंगाने भरली जाई. आता तिच्या टोकाशी गडद आणि देठाशी जवळजवळ पांढरी अशी छटा देता येऊ लागली. एका पेओनीच्या फुलावर हे संक्रमण इतके हळुवार आहे, की कुंचला नेमका कुठे उचलला गेला असेल ते मला शोधूनही सापडले नाही.

जिंगदेझेन या चिनी शहरात राहिलेल्या दांत्रकोल या फ्रेंच धर्मोपदेशकाने १७१२ आणि १७२२ साली लिहिलेल्या पत्रांत तिथल्या कारखान्यांचे वर्णन केले आहे. एक भांडे सुमारे ७० हातांतून जाते, असे त्याने नोंदवले. फुले काढणारा निराळा, पक्षी काढणारा निराळा, काठावरची रेघ ओढणारा निराळा. पुढे युरोपच्या मागणीसाठी जिंगदेझेनची कोरी पांढरी भांडी कँटनला आणून तिथे रंगवली जाऊ लागली, आणि मुंबईचे पारशी व्यापारी ज्या बंदरात अफू आणि कापूस घेऊन जात, ते बंदर हेच. गिरगाव-दादरच्या जुन्या पारशी घरांत चिनी फुलदाण्या पिढ्यानपिढ्या का दिसतात, याचे उत्तर या सागरी वाटेत आहे.

दुपारी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन आले. जे. जे. कला शाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात सुरू केलेल्या कुंभारकामाचे नमुने तिथे आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या आकृती त्यांनी भांड्यांवर आणल्या. ही पोर्सेलिनची भांडी नव्हेत, साध्या मातीवर झिलई दिलेली आहेत. तरी इथल्या हातांनी इथलीच चित्रे भांड्यावर उतरवण्याचा तो प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. त्याविषयी आपल्याकडे इतके कमी बोलले जाते याचे वाईट वाटते.

रविवार, चौल आणि रेवदंडा

गेटवेहून मांडव्याची बोट आणि तिथून अलिबागमार्गे रेवदंडा. चौल हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे, पुढे अरब प्रवाशांनी त्याची वर्णने लिहिली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याचा कोट बांधला. या परिसरात चिनी भांड्यांचे तुकडे पुरातत्त्व अभ्यासकांना मिळालेले आहेत. एवढ्या मोठ्या बंदरात ते मिळाले नसते तरच नवल.

नारळी-पोफळीच्या एका वाडीत आळी करताना निघालेले काही तुकडे मालकांनी पडवीच्या कोनाड्यात ठेवले आहेत. आम्ही ओळखीने गेलो होतो, त्यामुळे त्यांनी ते हातात घेऊन पाहू दिले. तळहातात मावेल एवढा एक तुकडा बशीच्या बुडाचा होता, खाली पायकड्याचा गोल आणि वर नुसता पांढरा. मालक म्हणाले, "ह्याच्यावर काही नाही, साधाच आहे." मी तो उन्हात नेऊन डोळ्याच्या पातळीवर आडवा धरला. झिलईच्या चकचकीत पृष्ठावर मंद, अचकचकीत अशा रेषा उमटल्या: एक पान, त्याची शीर, आणि फुलाच्या अर्ध्या पाकळ्यांची कडा. रंग मातीने आणि खारटपणाने कधीच खाऊन टाकला होता. पण जिथे तो झिलईला चिकटला होता तिथली चकाकी गेली होती, आणि त्या गेलेल्या चकाकीतूनच चित्र वाचता येत होते. काल काचेच्या कपाटाबाहेरून जे समजून घेतले होते, की हा रंग पाठीवर बसतो, ते आज बोटाखाली कळले. झिलईखालचा निळा असा जात नाही. शेजारच्याच दुसऱ्या तुकड्यावरचा निळा कालच काढल्यासारखा ताजा होता. मालकांनी दोन्ही तुकडे पुन्हा कोनाड्यात ठेवले आणि ते संग्रहालयाच्या लोकांना दाखवायचे त्यांनी आपण होऊनच कबूल केले.

संध्याकाळी रेवदंड्यातल्या एका जुन्या घरी गेलो. घरातले आजोबा बोटीवर खलाशी होते आणि त्यांनी जपानहून आणलेल्या दोन फुलदाण्या दिवाणखान्यात आहेत. भिंगातून पाहिल्यावर लक्षात आले, की त्यांवरच्या झाडांच्या आणि माणसांच्या बाह्यरेषा छापील आहेत. रंग मात्र हाताने भरले आहेत आणि सोन्याचे ठिपके हातानेच टेकवले आहेत. असे मिश्र काम विसाव्या शतकात सर्रास होत असे. छापील रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची असते. हाताची रेषा कुंचला टेकतो तिथे जाड आणि उचलतो तिथे बारीक होते. पूर्ण छापील चित्र भांड्यावर चिकटवलेले असेल, तर भिंगाखाली बहुधा नियमित ठिपक्यांची जाळी दिसते. हल्ली "हँडपेंटेड" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कपबशांवर ही जाळी असते. विकत घेणाऱ्याने खिशात एक भिंग ठेवावे, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते, कारण हाताने काम करणाऱ्या माणसाच्या पोटावर याचा थेट पाय पडतो.

सोमवार

रोह्यावरून माणगाव आणि तिथून कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड. गाडीला उशीर झाला आणि काकींच्या घरी पोचेपर्यंत रात्र झाली.

मंगळवार, काकींची पडवी

काकींचे यजमान मुंबईत नोकरीला होते, तेव्हा ग्रँट रोडला राहणाऱ्या एका पारशी बाईंकडे त्या हे काम शिकल्या. निवृत्तीनंतर दोघे गावी परतले, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये भाजीच्या टोपलीएवढी विजेची भट्टीही आली. पडवीचा अर्धा भाग कुडाने वेगळा काढून त्यांनी काम मांडले आहे. तिथे खाण्यापिण्याची एकही वस्तू आणायची नाही, हा पहिला नियम. कारण यातल्या अनेक रंगांत शिसे असते आणि काहींत कॅडमियम. याच कारणाने इथे रंगलेली कोणतीही बशी जेवणासाठी दिली जात नाही, ती भिंतीवर किंवा कपाटात ठेवायची, हे त्या घेणाऱ्याला आधी सांगतात आणि मग किंमत.

खिडकीत सुतळीला पांढऱ्या फरश्यांचे तुकडे टांगलेले आहेत. प्रत्येक तुकड्यावर एका बरणीतला रंग पातळ ते जाड असा उतरत्या पट्ट्यांनी लावून भाजलेला आहे आणि खाली त्याच रंगाने बरणीचा क्रमांक लिहिला आहे. नवी बरणी आली की आधी हा नमुना भाजायचा, तोपर्यंत तिला हात लावायचा नाही. कारण बरणीतली भुकटी आणि भाजलेला रंग यांचा पुष्कळदा काही संबंधच नसतो. सोन्याचा गुलाबी बरणीत मळकट, राखेकडे झुकणारा दिसतो; कोबाल्टचा निळा करडा दिसतो; लोहाचा लाल तेवढा थोडाफार प्रामाणिक. काकी म्हणाल्या, "लावताना दिसता तो खरो रंग न्हय गो. भट्टीतसून भायर येता तो खरो."

आजच्या कामाला आठ इंची कोरी पांढरी बशी निवडली होती. अशा बशा त्या जयपूरहून मागवतात. विषय सुरंगीचा. मार्च महिना असल्याने परसातल्या झाडाच्या फांद्या कळ्यांनी भरल्या होत्या आणि पहाटे काढलेली एक डहाळी तांब्यात ठेवली होती. सुरंगीचे फूल फांदीलाच चिकटून येते, पांढरट पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा दाट झुबका. मला प्रश्न पडला की पांढऱ्या बशीवर पांढरे फूल दिसणार कसे? पांढरा रंग लावून उपयोग नाही, तो बशीच्या पांढऱ्यापुढे पिठूळ दिसतो. उत्तर असे की फूल रंगवायचेच नाही. त्याच्या मागची सावली रंगवायची.

आधी स्पिरिटने बशी पुसून काढली, मग चिनी शाईने बारीक रेषांत डहाळी काढली. ही शाई भट्टीत पूर्ण जळून जाते. मग रंग घोटणे. काचेच्या पाटावर सुरीच्या टोकावर मावेल एवढी भुकटी, त्यात टर्पेंटाइन उघड्या बशीत आठवडेच्या आठवडे ठेवून दाट झालेले तेल थेंबाथेंबाने, आणि लवंगेच्या तेलाचा एक थेंब. लवंगेचे तेल रंग लवकर सुकू देत नाही. कोकणातल्या या उकाड्यात त्याच्याशिवाय कुंचला दुसऱ्या पाकळीपर्यंत पोचत नाही, असा काकींचा अनुभव आहे. पात्याने घोटत राहायचे, जोवर कणाची खरखर ऐकू येते तोवर. मिश्रण श्रीखंडासारखे लगदाळ आणि तुकतुकीत झाले की थांबायचे. तेल जास्त झाले तर आचेत रंगाला फोड येतात, कमी झाले तर कुंचल्याच्या खुणा राहतात.

पहिला हात हिरव्या-करड्या सावलीचा. चपट्या कुंचल्याने पाकळीच्या कडेबाहेर रंग ठेवला आणि रेशमी चिंधीत कापूस बांधून केलेल्या पोटलीने तो टेकवत टेकवत विरळ केला, इतका की बाहेरच्या बाजूला तो कुठे संपतो ते दिसेना. मग काडीला घट्ट गुंडाळलेल्या कापसाने पाकळीच्या आतला चुकार रंग पुसून घेतला. असा पुसून घेतलेला भाग एकदम पुढे आला. फूल आहे तिथे बशीचा स्वतःचा पांढरा होता आणि त्याला काकींनी एकदाही रंग लावला नव्हता. पानांना दोन हिरवे लावले, खालच्या बाजूला गडद, वरच्या बाजूला पिवळसर. केसर आज कोरेच राहिले.

बशीच्या काठाला दोन बोटे रुंद गुलाबी पट्टा द्यायचा होता आणि त्याची रीत निराळी आहे. पट्ट्याच्या जागी फक्त तेल लावायचे, रेशमी पोटलीने ते सगळीकडे सारखे करायचे, थोडे ओढ लागेपर्यंत थांबायचे आणि मग कापसाच्या बोळ्याने कोरडी भुकटी त्यावर हलकेच लोटत जायचे. कुंचला बशीला लागतच नाही, म्हणून रंग एकसंध बसतो. हे करताना काकींनी नाकातोंडावर मुखपट्टी बांधली, पंखा बंद केला आणि मलाही दाराबाहेर उभे केले, कारण ही भुकटी श्वासातून जाता कामा नये.

संध्याकाळी बशी भट्टीत गेली. सुरुवातीला झाकणाखाली विटेचा तुकडा ठेवून फट राखली होती. तेल जळून धूर निघून जायला हवा, तो आत कोंडला तर रंगांची चमक मरते. साधारण ४०० अंशांनंतर धूर थांबला, फट बंद झाली. त्यानंतर काकी खुर्ची घेऊन जवळ बसून राहिल्या. आचमापकाचा काटा आहेच, पण त्यांचा भरवसा आत ठेवलेल्या छोट्या शंकूवर अधिक आहे. ठरलेली उष्णता अंगात मुरली की तो शंकू वाकतो. सोन्याच्या गुलाबीला आच कमी पडली तर तो तपकिरी राहतो, जास्त झाली तर जांभळ्याकडे जातो, त्यामुळे वीस-पंचवीस अंशांचा फरकही परवडत नाही. साडेदहाच्या सुमारास झरोक्यातून वाकलेला शंकू दिसला आणि वीज बंद झाली. मी लगेच झाकणाकडे पाहिले असावे. काकी म्हणाल्या, "घाई करू नको गो. गरम भट्टी उघडलंस तर बशी तडकतली."

बुधवार, सावंतवाडी

भट्टी निवेपर्यंत सावंतवाडीला जाऊन आले. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) आणि लाखकाम चालते. ही कला मरणपंथाला लागलेली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभे केले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० पाने. खळीने कडक केलेल्या गोल पानावर बारीक कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह रेखले जातात, आणि वरून लाखेचा मुलामा. चित्रकाराने मुकुटाची रेघ एका श्वासात ओढली. तिथे लाल लावला की लालच दिसतो. कारागीर आणि रंग यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. काकींच्या कामात मध्ये अग्नी आहे, आणि त्याच्याशी बोलणी करूनच रंग ठरवावा लागतो. दोन्ही कामे शेजारशेजारच्या तालुक्यांत पाहायला मिळाली म्हणून हा फरक मला नीट कळला.

दुपारी परतले आणि भट्टी उघडली. काठाचा पट्टा गुलाबी झाला होता. काल त्या जागी जे राखट होते त्याची खूणही उरली नव्हती. रंग ताजा, खोल आणि काचेसारखा गुळगुळीत. एका जागी, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, पट्टा फिकट होता, कारण तेल तिथे पातळ बसले असावे. काकींनी बोटाने तो भाग दाखवला आणि भिंतीवरच्या वहीत लिहून ठेवला. फूल मात्र पांढऱ्यातून पांढरेच उठून आले होते.

गुरुवार, वेंगुर्ले

सकाळी दुसरा हात. फिकट जागेवर तेल लावून भुकटी पुन्हा लोटली. पानांच्या शिरा आणि डहाळीची साल यांना गडद रंगाचा दुसरा थर दिला. केसरांसाठी उठावाचा पिवळा, जाडसर घोटून, अगदी बारीक कुंचल्याच्या टोकाने ठिपका ठिपका टेकवत. पिवळ्याजवळ लोहाचा लाल येऊ द्यायचा नाही, कारण पिवळा आचेत त्या लालाला खाऊन टाकतो. म्हणून सालीच्या तांबूस छटेसाठी काकींनी लाल न घेता तपकिरी वापरला, आणि पिवळ्याचा कुंचलाही वेगळा ठेवला. एकेक ठिपका तेवढाच उंच राहावा म्हणून श्वास रोखून काम चालले होते; झुबक्याच्या मध्याशी दाट आणि कडेला विरळ. दुपारपर्यंत बशी पुन्हा भट्टीत.

संध्याकाळी वेंगुर्ल्याची डच वखार पाहिली. सतराव्या शतकातली ही वखार आता भग्न आहे. जाड भिंती, त्यांतून उगवलेली झाडे. इथे उभे राहिल्यावर डच व्यापाराचा विचार मनात येणे साहजिक आहे. चीनमध्ये १६४४ साली मिंग राजवट कोसळली, यादवीने जिंगदेझेनचा पुरवठा विस्कळीत झाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी जपानकडे वळली. १६५९ साली त्यांनी अरिता या गावाकडे ५० हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. तिथल्या काकिएमोन घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुधाळ पांढऱ्या भांड्यांवर फुले मोजकीच असतात आणि मोकळी जागा भरपूर. फुलाभोवतीचा पांढरा हा चित्राचाच भाग असतो. काकींची सुरंगीही त्याच विचाराची आहे, जरी अरिताचे नाव त्यांनी कधी घेतले नाही.

युरोपात खरे पोर्सेलिन कसे करायचे हे जर्मनीतल्या सॅक्सनीच्या शासकाच्या आश्रयाला असलेल्या चिर्नहाउस आणि बॉटगर यांनी शोधले आणि १७१० साली माइसेनचा कारखाना सुरू झाला. १७२० साली तिथे आलेल्या हेरोल्ट या चित्रकाराने रंगांचा संच वाढवत नेला. प्रारंभी माइसेनच्या भांड्यांवर चिनी-जपानी धाटणीची फुले काढली जात. १७४०च्या सुमारास तिथल्याच शेताबागांतली गुलाब, ट्यूलिप अशी फुले भांड्यांवर आली. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलखात ही कला पोचली, तिथे ती आधी दुसऱ्याचे फूल काढते आणि मग आपल्या परसातले. गुलाबाच्या परदेशी नक्षीच्या तयार पुस्तकांतून काम करणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. त्यांचा हात चांगला असतो, पण फूल त्यांनी कधी हुंगलेले नसते. काकींनी सुरंगी निवडली, काजूचे बोंडू निवडले, अबोली निवडली. या किनाऱ्यावर ही कला खऱ्या अर्थाने उतरायची असेल तर वाट हीच आहे.

शुक्रवार, पणजी

काकींची बशी निवत असल्याने पणजीला गेले. इन्स्टिट्यूट मेनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेले भव्य आझुलेजू (झिलईच्या रंगीत फरश्यांचे) भित्तिचित्र आहे, पोर्तुगीज महाकवी कामोइंशच्या काव्यातल्या प्रसंगांचे. फोंतैन्याशच्या गल्ल्यांत दारांवर नावांच्या रंगीत फरश्या दिसतात, त्याही याच परंपरेच्या. आझुलेजू ही पोर्सेलिनची भगिनी नव्हे, जरा लांबची नातेवाईक. पारंपरिक रीतीत कच्च्या, न भाजलेल्या पांढऱ्या झिलईवर रंग लावतात. ती रंग तत्काळ पिते, त्यामुळे लावलेला फटकारा मागे घेता येत नाही. काकींच्या भाजलेल्या झिलईवर मात्र पुसून, विरळ करून, पुन्हा लावून काम करता येते. म्हणूनच आझुलेजूत वेगवान, ठाम रेषा शोभते, तर पोर्सेलिनवर हळुवार छटा.

गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले आहेत, त्यांत हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात यांच्याबरोबर चिनी भांड्यांचे तुकडेही होते. सोळाव्या-सतराव्या शतकांत ही भांडी याच पाण्यातून जात होती. समुद्राच्या तळाशी पडलेल्या भांड्यांवरचे झिलईवरचे रंग पुष्कळदा उतरून जातात आणि झिलईखालचा निळा तेवढा राहतो, हे चौलच्या कोनाड्यातल्या तुकड्यांनी मला आधीच शिकवले होते.

शनिवार, पुन्हा काकींकडे

दुसऱ्या आचेतून केसर उत्तम निघाले होते. बोटाच्या टोकाने चाचपले तर एकेक ठिपका वेगळा लागत होता. आता राहिले सोने, आणि ते शेवटी, कारण त्याला सर्वांत कमी, ७२०च्या आसपास, आच लागते. जास्त आचेचे सारे काम आधी संपवायचे असते.

बाटलीतले द्रव सोने तपकिरी, काकवीच्या रंगाचे असते. त्यात खरे सोने साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर. काकींनी बशी फिरत्या चकतीच्या मधोमध बसवली, ती मध्यावर आली की नाही हे खडूच्या टोकाने तपासले, कुंचला काठाला टेकवून हात तसाच स्थिर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चकती फिरवली. रेघ एका फेरीत पूर्ण झाली. जिथे रेघ सुरू झाली तिथेच ती मिळाली, आणि सांधा मला दिसला नाही. नंतर बशीचा बाकी सगळा भाग त्यांनी स्पिरिटने पुन्हा पुन्हा पुसला, कारण सोने लागलेल्या बोटाचा पुसट ठसा आता दिसत नाही, पण भाजल्यावर जांभळा डाग होऊन उठतो आणि मग काही केल्या जात नाही. आठ इंची बशीच्या काठासाठी लागलेले सोने थोडेच. तरी बाटलीचा भाव ऐकल्यावर लक्षात येते, की हाताने रंगवलेल्या बशीची किंमत बाजारातल्या छापील बशीच्या कित्येक पट का असते. त्या किमतीत तीन आचांची वीज आणि चार दिवसांचे बसणेही आहे. घासाघीस करणाऱ्यांना काकी नम्रपणे परत पाठवतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

रविवारी गावातल्या दोन मुली त्यांच्याकडे शिकायला येतात. सध्या त्या फक्त रंग घोटतात आणि फरशीच्या तुकड्यांवर पट्ट्या काढतात. कुंचल्याचा दाब हातात बसल्याशिवाय बशी मिळणार नाही, असे त्यांना सांगितले आहे. मे महिन्यात रतांबे (कोकमाची फळे) पिकतील तेव्हा मी पुन्हा येणार असून मुलींना फळांचे रेखाटन शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. पिकल्या रतांब्याचा लाल जांभळ्याकडे झुकतो. तो लोहाच्या लालाने साधत नाही, म्हणून सोन्याच्या गुलाबीवर गडद माणकी रंगाचा दुसरा थर देऊन पाहायचे ठरले आहे. त्याचे तीन नमुने, निरनिराळ्या जाडीचे, काकींनी आजच सोने लावलेल्या बशीशेजारी भट्टीच्या खालच्या फळीवर ठेवायला काढले होते. पण माणकी रंगाला सोन्यापेक्षा जास्त आच हवी, हे आठवून त्यांनी ते पुढच्या आचेसाठी परत खिडकीत ठेवले आणि झाकण लावले.